अकरावें नांव

पर्वताच्या कोणत्या भागास काय म्हणावें, हें आम्हीं बालपणीं अमरकोशांतील शैलवर्गावरून पाठ केलें होतें. पायथ्याजवळची भूमि ती उपत्यका, माथ्यावरची ती अधित्यका, तुटलेला कडा तो भृगु. पुढें शाळेंत भूगोल शिकवितांना हेंच ज्ञान आम्हीं वाळूच्या ढिगावर बोटानें रेखून दाखवीत असूं. म्हणून परवां आमच्या पुतण्याचा मुलगा, "आजोबा, आतां संगणक डोंगराचे अवयव ओळखतो," असें म्हणाला, तेव्हां आम्हांस हंसूं आलें. तासाभरानें तें मावळलें.

संगणकास डोंगर दिसत नाहीं. त्यास दिसतात ते केवळ उंचीचे आंकडे. सन २००० च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरून, रडारच्या साहाय्यानें जगांतील सुमारें ८० टक्के जमिनीची उंची मोजली. आमच्या घरांतील सुना रांगोळीचे ठिपके मांडतात, तशीच ही मांडणी. दोन ठिपक्यांत सुमारें ३० मीटरांचें अंतर, आणि प्रत्येक ठिपक्यावर एक उंची.

ह्या आंकड्यांवरून आकार ओळखण्याच्या रीति अनेक आहेत. त्यांपैकीं यासिएविच व स्टेपिन्स्की ह्या पंडितांनीं २०१३ सालीं मांडलेली रीति आम्हांस फार रुचली. प्रत्येक ठिपक्यावरून संगणक आठ दिशांस पाहतो आणि विचारतो, पुढची भूमि आपल्याहून वर, खालीं, कीं समान? आठ दिशा व प्रत्येकीचीं तीन उत्तरें, म्हणजे ६५६१ प्रकार झाले. फिरवून वा उलटवून जे एकरूप होतात ते एक धरले, तर ४९८ उरतात. शेवटीं वर किती दिशा व खालीं किती, एवढेंच मोजून दहा नांवें दिलीं जातात. आपल्या भाषेंत तीं अशीं: सपाटी, माथा, धार, खांदा, सोंड, उतार, घळ, पायथा, दरी आणि खळगा. सर्व दिशा खालीं तर माथा, सर्व वर तर खळगा. सूत्रकारांस शोभेल असा हा संक्षेप!

मात्र किती दूरवर पाहावें, हें माणसानेंच सांगावें लागतें. दृष्टि आंखूड ठेवली तर दरींतल्या टेकाडासही तो माथा म्हणेल. ती लांबविली कीं तेंच टेकाड दरींत जमा होईल.

आम्हीं विचारलें, "आणि खिंड?" मुलगा थबकला. खिंडीच्या दोन अंगांस चढ, दोन अंगांस उतार. नुसती मोजदाद केली तर ती साध्या उतारासारखीच भासते, म्हणून त्या दहांत तिला नांव नाहीं. ज्या वाटेनें माणसें पिढ्यान्‌पिढ्या घांट ओलांडीत आलीं, तीच नेमकी यादींतून गळावी!

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसें गेलीं. पावसाचें पाणी घळींत एकवटतें, उतारावरची माती सैल होते. तेव्हां कोणती वस्ती कोणत्या घळीखालीं आहे, हें आधीं कळणें हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. सारा सह्याद्रि पायीं पाहण्यास जन्म पुरणार नाहीं. संगणक तें काम थोडक्या वेळांत करतो. परंतु जमिनीस भेग कधीं पडली, झऱ्याचें पाणी गढूळ कधीं झालें, हें आकाशांतून मोजलेल्या उंचींत नसतें. तें तेथें राहणाऱ्या म्हातारीस ठाऊक असतें.

मुलगा आतां नकाशा घेऊन घांटांतील गांवें हिंडण्यास निघाला आहे. पावसाळ्याचे दिवस, म्हणून त्याच्या आईचा जीव टांगणीस लागला आहे. आम्हीं मात्र त्यास जाऊं द्यावें असेंच सांगितलें, आणि निरोप देतांना एवढेंच बजाविलें: "बाळ, दहा नांवें संगणकाकडून घे, अकरावें गांवकऱ्यांस विचार."