दोन इंचांचा फरक, सात वर्षांची कैद: आखूड बंदूक आणि सीमाभागातला परवाना

१६ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी विजयपूर जिल्ह्यातल्या चडचण इथल्या स्टेट बँकेत तोंड झाकलेले, लष्करी वेषातले दरोडेखोर शिरले. पिस्तुलांचा धाक दाखवून त्यांनी रोकड आणि गहाण ठेवलेलं सोनं लुटलं आणि पळाले ते थेट महाराष्ट्राच्या दिशेनं. त्यांची गाडी सापडली मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंती गावात. त्याच वर्षी १६ जानेवारीला बीदरमध्ये एटीएमची रोकड घेऊन आलेल्या कर्मचाऱ्यांवर भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. ते लुटारूही राज्याबाहेर, हैदराबादकडे गेले. दरोडेखोराला राज्याची हद्द आडवी येत नाही. ती आडवी येते कायदा पाळणाऱ्याला.

अशी बातमी आली की हुबळीच्या दाजीबानपेठेत काय बोलणं होत असेल हे सांगायला नको. तुळजाभवानीच्या देवळाचा, दुकानांचा, रात्री उशिरा शटर ओढणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा भाग. ‘एखादी बंदूक घेऊन ठेवावी का’ हा प्रश्न अशा पेठेत नवा नाही. नवीन आहे तो त्याच्या मागे येणारा फोनवरचा व्हिडिओ: गल्ल्याखाली मावेल अशी आखूड, काळी, पंप मारायची अमेरिकन शॉटगन, वर टॉर्च, पुढे सायलेन्सर. व्हिडिओत ती दुकानातून भाजी घ्यावी तशी विकत मिळते. इथे ती मिळत नाही. आणि ती मिळवून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर तो गिऱ्हाईकाला तुरुंगाच्या दारात नेऊन उभा करतोय.

कारण सगळा खेळ इंचांचा आहे. अमेरिकेत १९३४ च्या केंद्रीय कायद्यानुसार शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आखूड असली की ती खास नोंदणीच्या कक्षेत जाते. म्हणून तिकडच्या ‘कॉम्पॅक्ट’ बंदुका साडेअठरा इंचांच्या आसपास ठेवलेल्या असतात. भारतात ही रेषा २० इंचांवर आहे. २० इंचांहून कमी नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित गटात बसते, म्हणजे स्वयंचलित हत्यारांच्या रांगेत. व्हिडिओतली, तिकडे पूर्ण कायदेशीर असलेली बंदूक इथे जिल्ह्याच्या परवान्यावर येऊच शकत नाही. अर्धस्वयंचलित शॉटगनचंही तेच. पंप अ‍ॅक्शन चालते, एकनळी आणि दुनाळी तर चालतेच, पण नळी पूर्ण लांबीची हवी. मोजायची ती नळी, दस्त्यासकट अख्खी बंदूक नव्हे. बाजारातल्या नेहमीच्या दुनाळीची नळी साधारण २८ ते ३२ इंचांची असते. ती गल्ल्याखाली मावत नाही, आणि कायद्याला ती मावायला नकोच आहे.

गंमत अशी की याच २० इंचांच्या वरच्या बाजूला कायदा चक्क उदार आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ सांगतं की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंच वा त्याहून लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायचा आहे. शेतराखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यालाही तसंच. कलम १४ मध्ये नाकारण्याची कारणं आहेत, ती असतील तरच अर्ज अडतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मागणाऱ्याला आपली गरज पटवून द्यावी लागते. बंदुकीच्या बाबतीत कायद्याचा कल अर्जदाराकडे आहे. व्यवहारात मात्र दोघांनाही टेबलापलीकडून एकच प्रश्न येतो: ‘तुम्हाला धोका कोणाकडून?’

त्याच कलम १४ मधली एक ओळ छोट्या दुकानदारांनी लक्षात ठेवावी. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. ‘तुझ्याकडे राखायला आहे काय’ हा टोमणा कायद्यात बसत नाही. नकार मिळाला तर एरवी कारणं लेखी मिळायला हवीत, आणि कलम १८ खाली अपील करता येतं.

अर्ज कुठे करायचा, यातही गोंधळ होतो. हुबळी-धारवाडला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरातला अर्ज आयुक्तांकडे जातो. कुंदगोळ किंवा कलघटगीच्या माणसाचा अर्ज धारवाडच्या डीसी ऑफिसात. बेळगावातही शहर आयुक्तांकडे, खानापूर-निपाणी डीसींकडे. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा, मग पोलिसांचा अहवाल. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता. हा बदल डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं आला. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली.

मग माल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे, सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. नव्यात मिळतात त्या बहुतेक सरकारी कारखान्यांच्या आणि देशातल्या काही खासगी उत्पादकांच्या. जुन्या विलायती दुनाळ्या एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात. काडतुसांसाठी लांब बघायला नको, पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १२ बोअरची काडतुसं करत आला आहे. खासगीत जुनी बंदूक घेताना एक अट हमखास विसरली जाते. विकणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ओळखीच्या पाहुण्यांत ‘कागदं मागनं करूया’ म्हणत बंदूक हातोहात दिली, तर देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

नळी कापून देतो म्हणणारा

बंदूक मिळाली की दुसरा मोह सुरू होतो. आजोबांच्या वेळची दुनाळी आहे, तोंडाशी गंज चढलाय, जड आहे, एखादा कारागीर म्हणतो, ‘चार बोटं कापू या, हलकी होईल.’ कलम ६ नुसार परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना खिशात असला तरीही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. विनापरवाना साधी बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं. म्हणजे परवानाधारकानं आपलीच नळी कापली, तर तो विनापरवाना बंदूकवाल्यापेक्षाही मोठ्या गुन्ह्यात जातो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्याच्या नजरेनं बघितलं तर कोड्यात काही नाही: लांब बंदूक शेतात दिसते, आखूड बंदूक जॅकेटखाली लपते.

जोडसामानाचंही तसंच. पट्टा, कव्हर, साफसफाईची सळई आणि तेल, काडतुसांचा पट्टा, यात काही अडचण नाही. सायलेन्सर मात्र वेगळा. आवाज किंवा ज्वाला कमी करणारं उपकरण हे कायद्यातल्या ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच धरलेलं आहे. बंदूक नसताना, नुसता सायलेन्सर कपाटात सापडला तरी हत्यार सापडल्यासारखंच. ‘पाइपाचा तुकडा आहे’ म्हणून तो कुठून मागवणाऱ्यानं हे वाचलेलं नसतं. बाकी शॉटगनवर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवण्याचा सोस हा पैशांचा अपव्यय आहे, गुन्हा नव्हे.

नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे

सीमाभागातली खरी अडचण या सगळ्याच्या पुढची आहे. प्रत्येक परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा त्याहून मोठा. आता माणसांचं बघा: दुकान हुबळीत, घर बेळगावात, शेत चंदगडमध्ये, देव तुळजापूरचा. शेतात गव्यांनी ऊस तुडवला म्हणून हुबळीची बंदूक गाडीत टाकून चंदगडला नेली, आणि परवाना कर्नाटकापुरता असेल, तर हद्द ओलांडली त्या क्षणी तो कागद निरुपयोगी झाला. शेत स्वतःचं आहे, बंदूक स्वतःची आहे, हे तिथल्या ठाण्यात ऐकून घेतलं जाईल, पण गुन्हा नोंदवल्यावर. पलीकडच्या जिल्ह्याची गरज असेल तर ती अर्जातच सातबाऱ्यासकट मांडावी आणि परवान्यावर लिहून घ्यावी. कायमचा मुक्काम हलवला तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना कळवावं. परवाना राष्ट्रीय नोंदीत चढवून त्याला ओळख क्रमांक मिळाला आहे ना, तेही तपासावं. या नोंदीसाठी केंद्रानं मुदती वारंवार वाढवल्या, तरी गावोगाव जुनी पिवळी पुस्तकं तशीच पेटीत पडून आहेत.

जंगलकाठच्या गावांना आणखी एक कुंपण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. भीमगड, राधानगरी, म्हादई यांच्या भोवतीची गावं नकाशावर पाहिली, तर रानडुक्कर आणि गव्यांचा त्रास जिथे सर्वांत जास्त, तिथेच हा अडसर आहे. त्यामागचं कारण, शिकार रोखणं, चुकीचं नाही. पण पीक गेलेल्या माणसाला भरपाईचा अर्ज आणि संमतीचा अर्ज असे दोन कागद हातात देऊन वर्षभर फिरवणं, याला शिकार रोखणं म्हणत नाहीत. शिवाय परवाना हाती आला म्हणून जनावर मारता येतं असंही नाही, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

त्यातच एकाच कर्नाटकात कोडगूचं उदाहरण लोक दाखवतात. तिथे कोडव समाज आणि जम्मा जमिनीचे धारक यांना परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. केंद्रानं ती २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. ‘त्यांना आहे तर आम्हाला का नाही’ हा प्रश्न या भागात साहजिक आहे. बंदुका काढून घेण्याच्या हुकमावर नोव्हेंबर १८५७ मध्ये ज्या हलगलीच्या बेरडांनी बंड केलं आणि फासावर गेले, ते गाव मुधोळजवळचंच. इंग्रजांशी जुळवून घेतलेल्यांची सूट टिकली, लढलेल्यांची हत्यारं गेली. पण म्हणून आज सूट सगळीकडे वाढवावी, हा तर्क ताणलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांचा प्रश्न हाती घेताना अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क इथे नाही, हे नोंदवलं होतं.

आणि परवाने सढळ दिले की काय होतं याचं उत्तर बीडनं दिलं आहे. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं पुढे आलं आणि मग टप्प्याटप्प्यानं रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अहिल्यानगरला बनावट परवान्यांवर १२ बोअरच्या बंदुका बाळगून सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे पकडले गेले. दाजीबानपेठेतल्या सराफानं स्वतः बंदूक न घेता ‘गनमॅन’ ठेवायचा ठरवलं, तर त्याचा परवाना कुठल्या जिल्ह्याचा, क्षेत्र कोणतं, ओळख क्रमांक खरा की खोटा, हे नोकरीवर ठेवण्याआधी ठाण्यात नेऊन तपासून घेणं हे त्याचंच काम आहे.

मुळात बंदुकीनं दुकान वाचतं का? अचानक चालून आलेल्या सशस्त्र टोळीपुढे कपाटातली दुनाळी बाहेर काढून भरायला वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात छर्रे कोणाला लागतील याचा नेम नाही. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत हुबळीला हादरवणारे दोन तरुणींचे खून चाकूनं झाले होते, त्यातला कुठलाही घरातल्या बंदुकीनं टळला नसता. आडबाजूच्या शेतघरात, पोलीस पोचायला तास लागतो अशा ठिकाणी, बंदुकीचा धाक उपयोगी पडतो. पेठेत चांगली तिजोरी, चालू स्थितीतला कॅमेरा आणि शेजारच्या दुकानात वाजणारा अलार्म जास्त कामाचे.

ज्यांच्याकडे बंदूक आधीच आहे त्यांचं निवडणुकीत हाल होतं. आचारसंहिता लागली की ‘हत्यार जमा करा’ असा निरोप येतो. ७ मे २०२४ ला धारवाड, बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा एकाच दिवशी मतदानाला गेले, तेव्हा गोंधळ तरी एकाच वेळी झाला. विधानसभेचं तसं नाही: गोव्यात फेब्रुवारी २०२२, कर्नाटकात मे २०२३, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नयेत, छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. काजूच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्यानं त्याच आधारे सूट मागणारा अर्ज समितीकडे वेळेत द्यावा. जमा केलीच, तर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शिक्का असलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.

घरात परवानाधारक वारला असेल तर निवडणुकीची वाट बघायची नसते. भिंतीवरची बंदूक त्या दिवसापासून विनापरवाना ठरते. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, आणि मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. मुलगा पुण्यात, आई हुबळीत आणि बंदूक कुलूपबंद वाड्यात, अशी घरं या भागात कमी नाहीत.