हायड्रोजन बसला जळगाव जामोदचं ऊन झेपेल का? आधी संगणकाला विचारा

केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून विकसित केलेल्या स्वदेशी हायड्रोजन बसचं २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात अनावरण झालं. अशी बस उद्या जळगाव जामोद-खामगाव रस्त्यावर धावली, तर मे महिन्यातल्या दुपारी तिचा फ्युएल सेल टिकेल का? हे आधी संगणकावर तपासता येतं.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज, उष्णता आणि पाणी तयार होतं. मधला पातळ पडदा ओला असेल तरच वीज नीट मिळते. तो सुकला की रोध वाढतो, पाणी जास्त झालं की हवेच्या वाटा तुंबतात. म्हणजे सगळा खेळ पाण्याचा. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको!

प्रत्येक बदलासाठी नवा सेल बनवणं परवडत नाही. म्हणून सिम्युलेशनमध्ये सेलचे हजारो बारीक भाग कल्पून प्रत्येकातला प्रवाह, उष्णता आणि ओलावा गणिताने काढतात.

पण उत्तर येतं ते आपण भरलेल्या आकड्यांवरून. सेल ७० अंशांवर चालतो असं धरू. बाहेर २५ अंश असताना तापमानातला फरक ४५ अंशांचा, तर ४५ अंशांच्या दुपारी फक्त २५ अंशांचा. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला मग रेडिएटर जवळपास दुप्पट लागतो. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात विदर्भाचा उन्हाळा धरलाच पाहिजे. रस्त्यावरच्या मोजणीचे आकडेही सिम्युलेशनशेजारी ठेवून जाहीर करावेत.