बोजारा मागा, पण हिशोबासकट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन गल्लीभर फिरलेले आठवतंय ना? नंदी सजवायचा, घरोघरी न्यायचा, बोजारा मिळाला की पुढचं दार. म्हणजे विदर्भातल्या आपण पोरांनी आयुष्यातलं पहिलं फंडरेझिंग तान्हा पोळ्यालाच केलेलं असतं, तेही अजिबात न लाजता. मग शाळेच्या सायन्स क्लबसाठी चार पैसे जमवायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे का बघतात?

हा प्रश्न कॉलेजच्या पानावर का, असं वाटेल. कारण सोपं आहे. शाळेतल्या पोरांना कल्पना सुचतात, पण मोठ्यांशी बोलायला आणि हिशोब लिहायला कुणीतरी चार वर्षांनी मोठं लागतं. ते तुम्ही आहात.

मौद्यात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'कंपनीला माग ना!' त्यात चूक काही नाही. एनटीपीसीचं 2,320 मेगावॅटचं वीज केंद्र गावाच्या उशाशी आहे, आणि 2013च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण त्या यादीत आहे. पण केंद्र सरकारने 2014 मध्येच खुलासा केला होता की मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असले एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये मोजले जाणार नाहीत. म्हणजे कंपनीला खोली बांधून देणं, बेंच देणं सोयीचं. तुमच्या क्लबच्या एका दिवसाच्या प्रदर्शनाला पैसे देणं अवघड.

राज्य सरकारची दत्तक शाळा योजना बघा. सप्टेंबर 2023 मध्ये आली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर 50 लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मदत रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. आणि देणगीदाराची इच्छा असेल तर त्या काळासाठी शाळेच्या नावाला त्याचं नाव जोडता येतं. त्यावर शिक्षक संघटनांनी बराच आवाज उठवला. तो वाद तुम्ही तुमचा ठरवा, पण एक गोष्ट लक्षात घ्या. क्लबला लागतं काय? लिटमस पेपर, स्पर्धेची एंट्री फी, दोन चेंडू, नागपूरला जाऊन यायचं बसभाडं. सगळं मिळून तीन-चार हजार. हा खर्च कोटीच्या योजनेत कुठे बसवणार? वर त्यातलं बरंचसं रोखीचं.

आधी आलेला पैसा शोधा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांमधल्या युवा आणि इको क्लबसाठी वर्षाला अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिकला 5 हजार, उच्च प्राथमिकला 15 हजार, माध्यमिकला 25 हजारांपर्यंत. ते आलं का, कशावर गेलं, हे विचारायचं. कुणाला विचारणार? शाळा व्यवस्थापन समितीला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे तुमचे काका-काकूच असतील. चिडून विचारू नका, नीट विचारा. खाजगी अनुदानित शाळेत हे अनुदान नसेल, तर पुढचं वाचा.

इंटरनेटवर शोधलं तर केक विका, गाड्या धुवा, रॅफल काढा अशा याद्या मिळतात. मौद्यात केक कोण घेणार, हा भाग सोडा. रॅफल म्हणजेच लकी ड्रॉ मात्र काढू नका. परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि शाळेचं नाव त्यात गेलं तर क्लब कायमचा बंद.

चालतं ते साधंच असतं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी तर्री पोह्याचा स्टॉल. समजा एका प्लेटला 12 रुपये खर्च आला, 20ला विकली, शंभर प्लेटी गेल्या, तर 800 सुटले. दिवसभर घाम गाळून 800! त्यापेक्षा रद्दी बघा. पन्नास घरं, घरटी चार किलो, 12 रुपये भाव धरला तरी 2,400 होतात. (हे पान आधी वाचून घ्या, मग गठ्ठ्यात टाका.) भांडवल शून्य, एक हातगाडी आणि दोन रविवार. शिवाय लोकांना खिशात हात घालावा लागत नाही, नको असलेली वस्तू जाते म्हणून ते खूशच होतात. माझ्या मते हीच सगळ्यात भारी आयडिया आहे, आणि कुणी करत नाही, कारण ती फोटोत चांगली दिसत नाही.

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर तिथे 'मदत करा' असा मेसेज टाकू नका. 'अकरा मुलांचं बसभाडं हवं, एका मुलाचे 120 रुपये' असा टाका. किती आणि कशाला, हे कळलं की माणूस देतो. एवढ्याशा रकमेला कुणी आकडूनही धरत नाही.

आता माझी गोष्ट. मी नववीत असताना आमच्या शाळेत टेलिस्कोपसाठी प्रत्येकी पन्नास रुपये गोळा केले होते. टेलिस्कोप आलाच नाही. कुणी खाल्ले असं नाही, सरांची बदली झाली आणि पाकीट कपाटात राहिलं असावं. पण विचारलं कुणीच नाही, सांगितलंही कुणी नाही. पुढच्या वर्षी क्लबने पुन्हा मागितले तेव्हा माझ्या बाबांनी फक्त एवढंच विचारलं, 'मागचा टेलिस्कोप दिसला का?' त्या वर्षी वर्गातून फार तर सात-आठ जणांनी दिले असतील.

म्हणून पैसे कुणा एका पोराच्या यूपीआयवर घेऊ नका, दोस्त कितीही सच्चा असला तरी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, छापील पावतीपुस्तक आणि जमाखर्चावर दोघांच्या सह्या, त्यातली एक शिक्षकांची. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' गावोगाव नेला तेव्हा मागणी होती वर्षाला माणशी एक पैसा. श्रीमंतांच्या थैल्या नव्हत्याच. त्या पैशापैशातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता, हे खरंच. पण एक पैसा देणाऱ्यालाही हा कारखाना आपला वाटत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

यंदा तान्हा पोळ्याला शाळेतल्या पोरांना विचारून बघा, नंदीसोबत क्लबचाही एक डबा फिरवायचा का. डब्यावर रक्कम आणि काम लिहा. महिन्याभराने काय आणलं त्याचा कागद शाळेच्या फाटकावर चिकटवा, बिलाच्या झेरॉक्ससकट. आणि रद्दीसाठी हातगाडी कुणाची मिळेल, ते आजच विचारून ठेवा.