'पिशवीला सूज' लिहिण्याआधी

पाळी आली की अंथरूण धरणारी मुलगी, नॉर्मल सोनोग्राफी, 'पिशवीला सूज' हे निदान आणि अँटिबायोटिकचे एकामागून एक कोर्स. पेण-रोह्यात प्रॅक्टिस करणाऱ्या कोणालाही ही फाइल नवी नाही. सूज खरी असते. जंतू मात्र बहुधा नसतात. असतो तो अनेकदा एंडोमेट्रिऑसिस.

पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते, हे सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडले. पण तसे ते सुमारे ९० टक्के स्त्रियांत जाते. एंडोमेट्रिऑसिस होतो साधारण १० टक्क्यांना. बाकीच्यांच्या पोटातली ही सांडलवंड मॅक्रोफेज आणि एनके पेशी निस्तरतात. रुग्णांत एनके पेशींचा मारा बोथट होतो, मॅक्रोफेज संख्येने वाढतात, पण गिळायचे काम टाळतात. उलट ते व्हीईजीएफ सोडून पोटात रुजलेल्या अस्तराच्या गाठींना रक्तवाहिन्या मिळवून देतात. एडिंबराच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की मॅक्रोफेजमधून निघणारे आयजीएफ-१ चेतातंतूंची वाढ आणि वेदनाही वाढवते. त्याच गटाचे २०२१चे उंदरांवरील काम अधिक रंजक आहे: गर्भाशयाच्या अस्तरातून आलेले मॅक्रोफेज रोग पोसतात, तर रक्तातल्या मोनोसाइटपासून पोटात तयार झालेले त्याला आवरतात.

तेव्हा 'तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे' असे सांगून टॉनिक लिहिणे थांबवा. सरसकट प्रतिकार दाबणेही उत्तर नव्हे. टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबने २००८च्या छोट्या चाचणीत वेदना प्लासिबोपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत. आज हाती आहे ते हार्मोनच. इस्ट्रोजेन दाह वाढवते आणि दाह गाठीतच आणखी इस्ट्रोजेन तयार करवतो. ते चक्र तोडायचे. युरोपच्या 'एश्रे' संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लॅपरोस्कोपीची वाट पाहायची गरज नाही. लगेच मूल नको असेल आणि वैद्यकीय मनाई नसेल, तर डायनोजेस्ट किंवा संयुक्त गोळी पेणमध्येच सुरू करता येते. ताप, दुर्गंधी स्राव, गर्भाशयमुख हलवताना दुखणे असेल तर अँटिबायोटिक जरूर द्या. आपल्याकडे क्षयही डोक्यात ठेवा.

परळच्या आयसीएमआर-एनआयआरआरसीएच या संस्थेच्या पुढाकाराने भारतीय रुग्णांची क्लिनिकल आणि जनुकीय माहिती गोळा होते आहे. रोह्याची बाई त्यात यायची, तर आधी तिचे निदान व्हायला हवे. आणि आपल्या केसपेपरवर तर नुसते 'पोटदुखी' असते. दुखणे पाळीच्या कितव्या दिवशी, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखते का, पहिल्यांदा कोणत्या वर्षी दुखले, एवढे तरी विचारून लिहा. सासूला थोडा वेळ बाहेर बसवून.