बाडे वाचवायची, तर प्रशिक्षण हवे

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने कोल्हापुरात काय काय भिजवले, हे आपण जाणतोच. वैद्यघराण्यांची बाडे, रुग्णपत्रके व औषधनिर्मितीच्या नोंदवह्या यांची सहसा दुसरी प्रत नसते. मात्र केवळ स्कॅन करून भागत नाही. हवे तेव्हा सापडले पाहिजे. हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुने लिखित पुरावे मांडता आले म्हणून. २००१ मध्ये हाती घेतलेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे बळही वर्गीकरणातच आहे. सूची, फाईलींची एकसूत्री नावे, पूररेषेबाहेर दुसरी प्रत, रुग्णांची गोपनीयता व वार्षिक पडताळणी ही कामे शिकूनच येतात. यास्तव संघटनेने पावसाळ्यापूर्वी वैद्य व औषधालयचालकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरवावा, ही आग्रहाची विनंती.