स्मरणाचे मालगुजार

‘हा मदतनीस शिकत जातो’ हे वाक्य हल्ली संगणकाचा कोड लिहिणाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यात एक दावा दडलेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधने आता मागची संभाषणे लक्षात ठेवतात. काल दाखवून दिलेली चूक आज सहसा पुन्हा करीत नाहीत. सोय मोठी आहे. रोज सकाळी तीच माहिती नव्याने सांगण्याचा जाच ज्यांनी सोसला, त्यांनी ती नाकारावी असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप ‘शिकतो’ ह्या क्रियापदाला आहे.

वस्तुस्थिती अशी की, ह्या साधनांमागचे भाषा-प्रारूप प्रशिक्षण संपल्यावर गोठवले जाते. तुमच्याशी बोलून ते तसूभरही बदलत नाही. वाढत जातात ती टिपणे. ‘तारखा अशा लिहाव्यात’, ‘ह्या कोष्टकाला हात लावू नये’ अशा ओळी कुठेतरी साठवल्या जातात आणि पुढच्या खेपेस प्रारूपापुढे वाचायला ठेवल्या जातात. कोष्टकाला हात का लावायचा नाही, हे टिपणात नसेल तर कारण संपल्यावरही मनाई चालूच राहते. ह्याला शिकणे म्हणायचे, तर सरकारी कचेरीतले कपाटही शिकते असे म्हणावे लागेल.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर ह्यांनी १९८५ सालच्या एका निबंधात मांडले की, आज्ञावली म्हणजे मुळात तिच्या कर्त्यांच्या मनात घडलेली समज. कोड आणि कागदपत्रे ती समज पुरती वाहून नेऊ शकत नाहीत. कर्त्यांचा गट पांगला की आज्ञावली मरते, मग ती यंत्रावर चालत का असेना.

भंडाऱ्याच्या माणसाला मात्र हे नाउर ह्यांच्याकडून शिकण्याचे कारण नाही. हा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भातशेतीसाठी येथे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते, म्हणून आज ते ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. इंग्रजी अमदानीत गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ ह्या दस्तऐवजात उतरवल्या गेल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. नोंदी कागदावर राहिल्या. परंतु पाळ कधी सावरायची, गाळ कोणी काढायचा, टंचाईत पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, हे ठरवणारी आणि त्याबद्दल गावाला उत्तर देणारी व्यवस्था मोडली. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरम माजली. अलीकडे ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले, तेव्हा आधार घ्यावा लागला तो धीवर मच्छीमारांचा. कोणत्या पाणवनस्पतीच्या आश्रयाने कोणता मासा वाढतो, हे त्यांना ठाऊक होते.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ती विषमतेवरच उभी होती. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, नोंद टिकली म्हणून जाण टिकत नाही. जाण टिकायला नोंदीबद्दल जाब देणारा माणूस लागतो.

आता पुन्हा मदतनिसाकडे वळू. त्याची टिपणे कशातून बनतात? काम करणाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्यांतून. हे श्रम कोणाच्याही हिशेबात धरले जात नाहीत. काही साधनांत ती टिपणे प्रकल्पाच्याच फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. कोणालाही वाचता, खोडता येतात. काहींत ती कंपनीच्या सर्व्हरवर, तिच्या खात्यात जमा होतात; वर्गणी थांबली की पाळ आपण घातलेली आणि तलाव दुसऱ्याचा. पहिल्या प्रकाराचा आग्रह धरणे हे आमच्या मते प्रत्येक गटाचे कर्तव्य आहे. प्रत्येक टिपणाखाली ते कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले हे नोंदवणे, हे त्याहून मोठे.

परंतु एवढ्यानेही भागत नाही. ‘सगळे यंत्राच्या लक्षात आहे, मग नवी मुले कशाला घ्यायची?’ असा हिशेब जेथे मांडला जातो, तेथे उद्या चुकीचे टिपण ओळखणारे कोणी उरणार नाही. नवखा मुलगा ‘हे असे का?’ म्हणून विचारतो, तेव्हा जुन्या जाणत्यालाही कारण पुन्हा आठवावे लागते, आणि पुष्कळदा ते कारण आता उरलेले नाही हे तेव्हाच उमगते. यंत्र हा प्रश्न आपणहून क्वचितच विचारते. ते टिपण प्रमाण मानून पुढे जाते.

वाजिब-उल-अर्ज आजही दप्तरात सापडेल. तलावातला गाळ त्याने निघालेला नाही.