राजीनामा

आमच्या घरी एक कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. भाऊबंदांशी पाटीलकीचा तंटा पडला, तेव्हा आमच्या मूळ पुरुषाने गोतसभेपुढे राजीनामा फेकला आणि ताठ मानेने घरी आला! पुरावा म्हणून माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल होता. तो वाचावा एवढ्यासाठी मी उतारवयात मोडी शिकायला बसलो.

मोडीत आधी ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरे टांगायची. शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम तर नाहीच. मनाला येईल तिथे तोडावे आणि फसावे! तेही हळूहळू सरावले. सन मात्र अरबी. ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५२. हा सुहूर सन मृगाला बदलतो. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६००. म्हणजे आमचा तंटा १७५१-५२ चा.

आणि ‘राजीनामा’ हा शब्द खरोखरच सापडला. मी आनंदाने ओरडलोच. शिकवणारे गुरुजी म्हणाले, “पुढे वाचा.” पुढे होते, गोत करील तो निवाडा आम्हांस मान्य. त्या काळी राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. तो दोन्ही पक्षांकडून आधीच लिहून घेत, वर जामीनही घेत. नोकरी सोडण्याचा अर्थ मागाहूनचा.

मग निकाल? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला यजितखत लिहून द्यावे, असा रिवाज होता. ते आमच्या रुमालात कसे असणार! असलेच तर बोळापलीकडच्या घरात, जिथले पाणी आम्ही तीन पिढ्या घेतलेले नाही.

शेवटी गेलो. तिथल्या आजींनी चहा टाकला आणि फडक्यात बांधलेले कागद पुढे ठेवले. त्यांच्याही घरात ते कुणाला वाचता येत नव्हते. महजराखाली कुणब्यांचे नांगर, सुताराचा वाकस. सही न येणाऱ्यांनी आपापली अवजारेच काढली होती. त्याखालीच यजितखत निघाले. आपला दावा खोटा, पाटीलकीशी आपला संबंध नाही, असे आमच्याच मूळ पुरुषाने लिहून दिले होते. मी ते मोठ्याने वाचले.

आजी म्हणाल्या, “जरा हळू वाच रे. मला नीट ऐकू दे.”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

घरी आल्यावर काकांनी विचारले, “सापडला का राजीनामा?”

“सापडला,” मी म्हटले.